चार भोकांची पट्टी

महादू,

परवा तुझ्या दहाव्याला मी तुझ्या दारात गाडी उभी केली आणि सवयीनं दोनदा हॉर्न दाबला.

पोंऽ पोंऽ. सात वर्षं दाबत आलो तसाच. नदीवर निघायचं म्हणून ओटीवर वीस-पंचवीस माणसं बसली होती. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. तुझा शेजारी रघुनाथ तळहातावर तंबाखू मळत होता, त्याचा अंगठा तिथंच थांबला. मी दोन्ही हात चाकावर ठेवून, हॉर्न दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा वाजला असा चेहरा करून समोर बघत बसलो. आसपासच्या चार गावांत दुसरी गाडी नाही, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांचं मला काही नाही. आयुष्यात मी याहून मोठी शोभा करून घेतली आहे आणि त्यातली निम्मी तुझ्यासमोर. पण वहिनी पडवीत खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. हॉर्न वाजला की तू त्या दारातून पंचा खांद्यावर टाकत बाहेर यायचास, म्हणून.

नदीवर कावळा लगेच शिवला. भटजींनी पिंड ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच. सगळ्यांना हायसं वाटलं. "सुटला. काय मागं रायलं नाय त्याचं," रघुनाथ म्हणाला.  मला मात्र वाटलं होतं, कावळा जरा अडून बसेल. मग मला पुढं होऊन काहीतरी बोलावं लागेल आणि सात वर्षं जे बोललो नाही ते नाइलाजानं का होईना, बोलून टाकता येईल. कावळ्यानं तेवढी सवड दिली नाही. तुझं माझ्याकडं काही राहिलं नव्हतं, असं दिसतं. माझं तुझ्याकडं राहिलं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

आपला वाद तसा लहानपणापासूनचा. तू माझा आतेभाऊ, आठच महिन्यांनी मोठा, पण त्या आठ महिन्यांचा मोठेपणा तू कधी खाली ठेवला नाहीस. तुझं म्हणणं, आपल्या हातानं होतं ते दुसऱ्याला का सांगावं? माझं म्हणणं, ज्याचं काम त्यानं करावं, आपण त्याचे पैसे द्यावेत आणि सावलीत बसावं. तू घर स्वतः शाकारायचास, मी गडी लावायचो. तू चपलेचा अंगठा स्वतः शिवायचास, मी ती चांभाराकडं टाकून अनवाणी घरी यायचो. एकदा तू स्वतःचे केस स्वतः कापलेस आणि पंधरा दिवस डोक्यावरची टोपी काढली नाहीस, तेव्हा हा वाद मी कायमचा जिंकलो असं मी धरून चाललो होतो.

"मागचं दिसत नाय म्हनून तसं झालं," तू म्हणालास. "हाताचा दोष नाय."

आणि तुझ्या हाताचा दोष खरंच नव्हता. लढाईच्या वर्षांत तू फौजेच्या मोटारखात्यात होतास. वाळवंटात उघड्यावर ट्रक सोडवून पुन्हा जोडायचास. परत आलास तो खाकी कॅनव्हासच्या गुंडाळीत बांधलेले पाने घेऊन. आणि मग काय, दोन खाचरं भात, डोंगरावर नाचणी आणि वरी. पाने वर्षातून एकदा, दसऱ्याला बाहेर यायचे. तेल प्यायचे, फूल घ्यायचे आणि परत गुंडाळीत जायचे.

मोटार घेतली ती मी. तुला ती उघडता, जोडता, चालवता येत होती. मला पोलादपुरात वाणसामानाचं दुकान होतं. गाडी कुणाच्या दारात यायची ते असं ठरतं. मुंबईच्या कुण्या डॉक्टरांनी भरपूर वापरून विकलेली, काळी, चार दारांची. तुझं गाव आमच्यापासून दोन मैल वर, घाटाच्या पायथ्याला. येता-जाता मी गाडी तुझ्या दाराशी थांबवायचो आणि तू पुढच्या सीटवर बसून चालत्या इंजिनाकडं कान लावायचास, जसे लोक कीर्तन ऐकतात.

ते इंजिन मी मारलं. सासऱ्यांना महाबळेश्वर दाखवायला निघालो होतो. आंबेनळी घाटात अर्ध्यावर गाडी वाफा टाकायला लागली. आतलं पाणी आटलं होतं, आणि कडेला झरा होता. जावयानं काहीतरी करून दाखवायला हवं म्हणून मी डबा भरला आणि ते थंडगार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं. आतून असा आवाज आला की सासरे दोन पावलं मागे सरले. बंद गाडी उतारावर सोडून दिली, ती घरंगळत खाली आली आणि तुझ्या खळ्याच्या तोंडाशी थांबली.

तू वाकलास. इंजिनाच्या कुशीला गेलेल्या तड्यावरून बोट फिरवलंस.

"बाळ्या, तापल्या तव्यावर घागर वतलीस?"

"पाणी संपलं होतं रे."

"मग अर्धा तास बसायचंस. गार झालं असतं. सासरा काय पळून चालला होता काय?"

सासरे शेजारीच उभे होते. तुला त्याची फिकीर नव्हती. तुझे डोळे इंजिनावर होते. "हे गेलं," तू म्हणालास. "दुसरं बसवायला लागंल." थोडा थांबलास आणि मग बायकोला नवीन लुगड्याबद्दल सांगावं तशा हळू आवाजात म्हणालास, "मी बसवतो."

मी 'हो' म्हणालो. हे लक्षात ठेव महादू, पुढं मी जे केलं ते सांगताना मला हा एकच आधार आहे. मी आधी 'हो' म्हणालो होतो.

मुंबईहून भंगारातलं, पण धडधाकट इंजिन ट्रकनं पोलादपूरच्या नाक्यावर आलं. मी बैलगाडी सांगून ठेवली होती. तू ती परत पाठवलीस. बैलगाडीत आपटतं म्हणालास. आपल्याकडं आजारी माणसाला डोंगरावरून खाली आणायला बांबूला घोंगडी बांधून डोली करतात, तशी तू जाड बांबूंची, दुहेरी दोरांची डोली केलीस, आत इंजिन निजवलंस, वरून पोतं पांघरलंस आणि वाडीतली आठ माणसं खांद्याला लावलीस. रघुनाथ पुढच्या बांबूला. तू शेजारून चालत होतास. "हिसका नको रे! सावकाश! आपटंल!" वाटेत एक म्हातारी भाताची पेंडी खाली ठेवून हात जोडून उभी राहिली.

"कोन रं आजारी?"

"बाळ्याच्या मोटारीचं काळीज हाय गो आजी," तू म्हणालास. "बदलायला चाललूंय."

"आरं देवा," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा हात जोडले.

खळ्यातल्या आंब्याच्या फांदीला तू साखळीची कप्पी टांगलीस. जुनं इंजिन वर उचललं, बाजूला घेतलं, खाली ठेवलं. मग सगळ्या मोटारीला पुरतील इतके नट आणि बोल्ट. त्यासाठी तू वहिनींकडून नारळाच्या करवंट्या गोळा केल्यास. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या करवंटीत, करवंट्या ओळीनं पडवीत, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. जोडताना शेवटचीपासून मागे यायचं. वहिनी त्या ओळीवरून पाय उचलून जायच्या, जणू रांगोळी आहे.

मला तू हलकं काम दिलंस. पुसायचं. एके दुपारी तू आंघोळीला गेलास आणि मी म्हटलं, जरा टापटीप करू. सगळ्या करवंट्या मी एका पितळी पातेल्यात ओतल्या, बोल्ट रॉकेलनं धुतले, लखलखीत केले आणि मग दुकानदाराच्या सवयीनं मुगात मूग, मटकीत मटकी असे लहान बोल्ट एकीकडं, मोठे एकीकडं लावून ठेवले. तू ओल्या अंगानं आलास. बराच वेळ त्या ढिगांकडं बघत राहिलास. मला वाटलं, आता पाना डोक्यात बसतो. तू खाली मांडी घातलीस, एकेक बोल्ट बोटांत फिरवलास, त्याच्या आट्यांवरचा चट्टा, टोकाची झीज बघितलीस आणि दिवेलागणीपर्यंत एकेक त्याच्या त्याच्या करवंटीत परत नेऊन ठेवलास. ओरडला नाहीस. उलट गुणगुणत होतास. वहिनी मला चहा देताना हळूच म्हणाल्या, "लढाईवरनं आल्यापासनं पयल्यांदा गानं म्हनतायत बघा."

हे मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

इंजिन आत उतरवताना गिअरबॉक्सचा दांडा काही केल्या जागेवर बसेना. तू गाडीखाली उताणा, मी वर साखळीला. "वाईच डावीकडं. आरं डावीकडं म्हंजे माझ्या डावीकडं! तू जेवतोस कुठल्या हातानं?" नऊ वेळा झालं. दहाव्या वेळेला 'खट्' झालं आणि तू गाडीखालून काही बोललाच नाहीस. मी घाबरून वाकून बघितलं, तर तू तिथंच पडून हसत होतास.

मग शेवटचा अडथळा. हे इंजिन नंतरच्या सालातलं, त्याच्या पायांची भोकं आपल्या गाडीच्या भोकांना बोटभर चुकत होती. मध्ये लोखंडी पट्टी घालायला लागणार, चार भोकांची. ती तू लोहाराकडून करून घेणार, भोकं स्वतः पाडणार. दोन दिवस, तू म्हणालास. मग एक सण मध्ये आला, मग लोहाराचा कोळसा संपला. तोवर इंजिन आंब्याच्या साखळीला टांगलेलंच.

आणि माझ्या धाकट्या मेहुणीचं महाडला लग्न आठवड्यावर आलं. नवरामुलगा माझ्या गाडीतून मिरवणार, असं मी पाच-सहा ठिकाणी सांगून बसलो होतो. दुकानात गिऱ्हाईक साखर मोजून घेताना विचारायचं, "शेट, मोटार पिकली का आंब्यावर?" सासऱ्यांनी भर बैठकीत मिशीआड हसून विचारलं, "जावईबापू, ती गाडी आहे की झुंबर?"

मला ते सोसलं नाही. एवढंच. गाडी लागली असती तर बैलगाडी होती, एस.टी. होती, नवऱ्यामुलाला दोन पाय होते. पण मला हसलेलं सोसलं नाही. तू पट्टीसाठी पोलादपूरला लोहाराकडं जाणार ती सकाळ मी हेरली आणि महाडच्या गॅरेजचा ट्रक तुझ्या खळ्यावर बोलावला. वहिनी म्हणाल्या, "ते यायचेत अजून." मी म्हणालो, "त्याला सांगितलंय मी." तसं मी काही सांगितलं नव्हतं. इंजिनाखाली लाकडाचे ठोकळे सारले, गाडी दोरानं ट्रकमागे बांधली आणि निघालो.

वाटेत तू भेटलास.

तू वर चढत येत होतास, पट्टी ओल्या गोणपाटात गुंडाळून डोक्यावर घेतलेली, तोंड भात्यापुढच्या धुरानं काळं. ट्रकच्या मागे एक गाडी ओढत चाललेली लांबून बघितलीस आणि कुणाची ते कळायच्या आधी तुझ्यातला कारागीर ओरडला, "मागच्याला सांगा, चाकं सरळ धर रं! सरळ धर!" मागच्या गाडीत चाक धरून मी बसलो होतो. मी काय केलं ठाऊक आहे? मी डोळे मिटले. चालत्या गाडीत, चाक हातात असताना. झोपलोय असं वाटावं म्हणून. गाडी ओढली जाताना चाकामागे झोपलेला माणूस मी तरी कधी बघितला नाही, तू कुठून बघणार. डोळे उघडले तेव्हा तू मागे राहिला होतास, रस्त्याच्या कडेला, डोक्यावरची पट्टी न उतरवता.

गॅरेजनं काम चोख केलं. हे कबूल करायला हवं, कारण वाद खरा तोच होता. पैसे दिले, सावलीत बसलो, तिसऱ्या दिवशी गाडी चालू. पण पहिल्या दिवशी बॉनेट उघडल्यावर तिथला मिस्त्री बराच वेळ वाकून बघत राहिला आणि मला म्हणाला, "शेट, हे कुणी केलंय?"

"आमच्या नात्यातले आहेत एक."

"हात आहे माणसाला. माझ्यासाठी काही ठेवलंच नाही. पट्टी टाकायची, पाइप जोडायचे. दोन दिवस थांबला असतात तर त्यांनीच चालू करून दिली असती." मग कापडाला हात पुसत म्हणाला, "त्यांना म्हणावं, काम करायचं असलं तर माझ्याकडं या. असा माणूस मला हवाय."

महादू, हा निरोप मी तुला दिला नाही.

त्या संध्याकाळी देणार होतो. पण तो निरोप दिला की 'दोन दिवस थांबला असतात तर' हेही आलंच. ते गाळून उरलेलं सांगता येईल का, याचा मी लग्न होईपर्यंत विचार केला. लग्नाला तू एस.टी.नं आलास. मांडवात सगळ्यांसमोर म्हणालास, "झाक चालती गाडी, बाळकृष्णशेट." बाळ्या नाही. बाळकृष्णशेट. मग मी म्हटलं, जाऊ दे, राग उतरला की सांगू. तुझ्या रागाचं काही दिसायचं नाही. तू हसायचास, चहा द्यायचास, आमच्याकडं सण असला की फणस घेऊन यायचास. आज सांगू, उद्या सांगू करता करता निरोप शिळा झाला, आणि शिळा निरोप द्यायला ताज्याहून जास्त छाती लागते. पुढं तो मिस्त्री गॅरेज विकून गुजरातेत गेला. तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. आता सांगण्यात अर्थ नाही असं स्वतःला म्हणता येऊ लागलं म्हणून.

आणि तू माझ्या गाडीत पुन्हा बसला नाहीस. मी दारात हॉर्न द्यायचो, तू पंचा टाकत बाहेर यायचास. "पोलादपूरला निघालायस ना? सोडू का?" "नको, तू हो फुडं, मी येतो चालत." "महाडला?" "एस.टी. हाय की." एकदा धो धो पाऊस, तू इरलं घेऊन कडेनं चाललेला. मी मागचं दार उघडून म्हणालो, "चल, सोडतो." तू म्हणालास, "सीट भिजंल तुमची." तुमची! आठ महिन्यांनी मोठा माणूस मला तुमची म्हणाला, आणि मी दार लावून घेतलं. गाडी बिघडली की मी महाडला न्यायचो. तुझ्या दारावरून जाताना कसला आवाज येत असला तर तो तुला ऐकू जाऊ नये म्हणून जोरात दामटायचो. तू ओटीवरून मान तिरपी करून ऐकायचास, ते मला आरशात दिसायचं.

शेवटचं कळलं ते एस.टी.च्या कंडक्टरकडून. "तुमच्या भावाच्या छातीत कळ आलीय, लवकर या, महाडला न्यायला लागंल." मी गाडी इतकी कधी हाकली नव्हती. या वेळेला तरी तू बसशील, आडवा होऊन का होईना, असं वाटेत माझ्या मनात आलं, आणि असं मनात आणणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते तू सांग. मी पोचायच्या आधी तू गेला होतास. इंजिनाच्या डोलीला जी आठ माणसं होती, त्यातली सहा तुला न्यायला होती. ओढ्यात एकाचा पाय घसरला तेव्हा पुढून रघुनाथ हलकेच म्हणाला, "हिसका नको रे. सावकाश. आपटंल." बोलून गेल्यावर त्यालाच कळलं की हे बोल कुणाचे. 

परवा हॉर्नच्या त्या शोभेनंतर, नदीवरून परत आल्यावर मी तुझ्या खळ्यात गेलो. आंब्याच्या फांदीवर साखळीचा वळ अजून आहे. खाली कोंबड्यांचं डालगं, आणि त्यावर दगडाऐवजी वजन म्हणून चार भोकांची पट्टी. मी ती उचलून बघत होतो, तेवढ्यात वहिनी आल्या.

"ती व्हय? भंगारवाला मागं लागला होता. दिली नाय त्यांनी. म्हनायचे, बाळ्याची हाय."

बाळ्याची म्हणायचास. घरात तू मला बाळ्याच म्हणत होतास.

मी ती मागून आणली. काल सकाळी दुकान न उघडता बॉनेट उघडलं आणि तुझी पट्टी गॅरेजच्या पट्टीशेजारी धरली. भोकाला भोक. चारही. सुताचाही फरक नाही. बायको पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिला मी सगळं सांगितलं. डोळे मिटल्याचं, मिस्त्रीच्या निरोपाचं, सगळं. लग्न तिच्या बहिणीचं होतं, तरी हे तिलाही आजवर ठाऊक नव्हतं. मला वाटलं, निरोप दडवल्याबद्दल ती आता मला फाडून खाईल, आणि खाल्लं असतं तर बरं झालं असतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"निरोप राहिला तो राहिला," ती म्हणाली. "पण सात वर्षं तुम्ही भावोजींना नुसतं 'सोडू का' विचारलंत. एकदा त्यांच्या दारात बॉनेट उघडून उभं राहायचं होतंत. 'महादू, हा आवाज कसला येतोय बघ जरा,' म्हणायचं. आवाज येत नसता तरी."